पाण्याच्या टाकीवर दोन फूट जागा द्या, पोडापर्यंत नेट आम्ही नेतो

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच भाऊ, ग्रामपंचायत अधिकारी साहेब, सगळे सदस्य अन् आपल्या गट ग्रामपंचायतीची समस्त ग्रामसभा

नमस्कार जी,

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या पोडापर्यंत, म्हणजे कोलामांच्या वस्तीपर्यंत, बिना वायरचं नेट न्यायचा विषय घ्या म्हणून हे लिहून राहिलो. पंचायतीच्या आवकमध्ये एक प्रत दिली आहे, पण कागद फायलीत गेला की लोकांना कळतच नाही कोणी काय मागितलं ते, म्हणून हे सगळ्यांसमोर उघड पत्र. थोडं लांबलं आहे, पण पूर्ण वाचा.

मी गावात काय काम करतो ते तुम्हाला माहीत आहे. घराची वायरिंग, मोटरपंपाचे स्टार्टर, अन् आता सात-आठ वर्षांपासून सीसीटीव्ही. शिडी, क्रिम्पिंगचा पाना अन् केबलचं बंडल घेऊन आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावात फिरतो, त्यामुळं यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात वायर कुठं टिकते अन् कुठं टिकत नाही हे मी कोणाला विचारायची गरज नाही.

आपल्या पोडाच्या मागं टेकडीवर एक काळा दगड आहे, त्याला पोडातले पोट्टे 'टावर' म्हणतात. काहून की पूर्ण पोडात तेवढ्याच दगडावर मोबाईलला एक दांडी येते. फोन हातात घेतला की जाते, दगडाला टेकवून उभा ठेवला की येते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू होती तेव्हा मी तिकडं बोरच्या स्टार्टरच्या कामाला गेलो होतो, तर दगडापाशी बारा-तेरा बाया बसलेल्या, प्रत्येकीजवळ आधार कार्ड प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं, अन् सहावीतली एक पोरगी सगळ्यांचे नंबर वहीत लिहून घेऊन राहिली होती. ओटीपी यायचा, ती पोरगी जोरात वाचायची, दुसरी पोरगी दुसऱ्या फोनवर टाकायची अन् तेवढ्यात त्या फोनची रेंज जायची. पुन्हा पहिल्यापासून. एक म्हातारी आजी, कोलामी बोलणारी, मराठी तिला जेमतेमच समजते, ती तीन दिवसांपासून येऊन बसत होती. वेचणीची मजुरी बुडवून. मी दुपारी साडेतीनला तिकडून निघालो तोवर तिचं झालं नव्हतं.

अन् त्या दगडावरून खाली पाहिलं तर आपली पाण्याची टाकी साफ दिसते. टाकीच्या खाली पंचायत, पंचायतीत फायबरचा डबा, डब्यावर हिरवा दिवा. मोजलं मी, टाकीपासून पोडाच्या शाळेपर्यंत सरळ रेषेत दोन किलोमीटर तीनशे मीटर. एवढ्यासाठी ती आजी तीन दिवस बसली होती, अन् माझं म्हणणं आहे की हे अंतर आपण गावातल्या गावात, आपल्या हातानं, वायर न टाकता पार करू शकतो.

आधी वायरचंच बोलू, कारण तुम्ही सगळे हेच म्हणणार की थांब बावा, फायबर येऊन राहिली ना सगळीकडं. येऊ द्या, माझा विरोध नाही. पण समजून घ्या ती कुठपर्यंत येते. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं, अन् तिची मूळ आखणीच पंचायतीच्या इमारतीपर्यंतची होती. पंचायतीपासून पुढं वाडी, टोली, पोड, बेडा, तिथं कोण नेणार हे मूळ आखणीत नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर केली, त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे लाईन गोल रिंगमध्ये टाकायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं चालू राहील. दुसरी म्हणजे पंचायत नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडायचं. तर माझी पहिली विनंती, पोडासाठी त्या योजनेत मागणीचं पत्र पंचायतीनं आजच पाठवावं, त्याला माझ्या या पत्राची वाट पाहायची गरज नाही.

पण ते होईपर्यंत काय? खाजगी केबलवाला पोडावर जाणार नाही, अन् त्याला दोष देऊन फायदा नाही, तो घरं मोजतो. अठरा घरं, मधात नाला, मधात जंगल, वीस-पंचवीस खांब उभे करा, वरून वानरं वायरीवर झोके घेतात. बरं, जमिनीखालून टाकली तर काय होते तेही आपण पाहिलं. मागच्या पावसाळ्याआधी रस्त्याच्या कामात जेसीबीच्या एका दातानं फायबर उखडली अन् पंचायतीतल्या डब्यावर दीड महिना लाल दिवा होता. दीड महिना दाखले बंद, सातबारा काढायला लोकं तालुक्याला गेले, जायचे-यायचे ऐंशी रुपये अन् दिवस वाया.

आता मी जे सांगून राहिलो त्याला मेश म्हणतात. जाळं. समजायला अवघड नाही. स्लॅब टाकताना आपण काय करतो? खालपासून वरपर्यंत माणसं उभी राहतात अन् घमेलं हातोहात वर जाते. कोणी एक जण पाणी प्यायला बाजूला झाला तर आजूबाजूचे दोघं थोडे सरकतात अन् रांग चालूच राहते, मिस्त्रीला सांगायची पण गरज पडत नाही. मेशमध्ये प्रत्येक छतावरचा राऊटर म्हणजे रांगेतला एक माणूस. तो स्वतःच्या घरापुरतं नेट घेते अन् पुढच्याचं घमेलं पुढं देते. एक बंद पडला तर बाकीचे आपसात ठरवून दुसरा रस्ता धरतात. हे ठरवायचं काम ज्या सॉफ्टवेअरनं होते त्यातलं एक, बॅटमॅन नावाचं, जर्मनीतल्या फ्रायफुंक नावाच्या हौशी लोकांच्या चळवळीतून निघालं अन् २०११ पासून ते लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटरच्या सिस्टीममध्येच मिळते. फुकट. कोणाची परवानगी नाही, वर्षाचं भाडं नाही.

याच घमेल्याच्या रांगेत मेशची अडचण पण दिसते, ती लपवून मला काही विकायचं नाही. घेणारा अन् देणारा हात एकच असला तर काम अर्ध्या वेगानं होते. राऊटरमध्ये एकच रेडिओ असला तर तो एकाच वेळी ऐकू अन् बोलू शकत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास अर्धा होतो. पहिल्या घरी वेग ४० एमबीपीएस असला तर दुसऱ्या घरी २०, तिसऱ्या घरी १०. म्हणून मुख्य रस्ता, म्हणजे टाकी ते पोड, हा वेगळ्या रेडिओनं, समोरासमोर दोन डिश लावून ५ गिगाहर्ट्झवर करायचा, अन् पोडाच्या आत घराघरात पसरवायचं काम तेवढं २.४ गिगाहर्ट्झच्या मेशनं करायचं. दोन्ही पट्टे आपल्या देशात लायसन्सशिवाय वापरता येतात. २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये सगळ्यांसाठी मोकळा झाला, ५ चे मोठे पट्टे २०१८ मध्ये. पॉवरची मर्यादा आहे अन् उपकरण मंजुरीचं असावं लागते, ते मी पाहतो.

हे काही मी स्वप्नात पाहिलेलं नाही. २००५ मध्ये तो पट्टा मोकळा झाल्याबरोबर हिमाचलमधल्या धरमशाला इथं तिबेटी निर्वासितांच्या शाळा, दवाखाने, ऑफिसं असंच जाळं करून जोडली, एअरजल्दी नावानं ते काम पुढं वाढलं. तिथं डोंगर, पाऊस, वीज जाणं अन् माकडं, सगळं आपल्यासारखं. स्पेनमध्ये कॅटालोनिया भागात ओसोना नावाचा शेतीचा मुलूख आहे, तिथं २००४ च्या सुमाराला कंपन्या ब्रॉडबँड द्यायला तयार नव्हत्या, काहून की घरं लांब लांब. रामोन रोका नावाच्या माणसानं अन् त्याच्या गाववाल्यांनी छतांवर अँटेना लावून सुरू केलं, त्याला गुईफी म्हणतात, आज त्यात तीस हजारांच्या वर नोड, म्हणजे जोडणीची ठिकाणं, आहेत. अन् मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते वायरलेसवर थांबले नाहीत, पुढं पुढं त्यांनी त्याच सामाईक पद्धतीनं स्वतःची फायबर पण टाकली. जाळं कोणा एकाचं नाही, जो जोडला तो वापरते अन् जो वापरते तो पुढच्याला जोडू देते, हा त्यांचा करारच आहे.

आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकरांच्या टीमनं ग्राममार्ग नावानं हेच काम केलं, पंचायतीपासून पाड्यांपर्यंतचा मधला टप्पा वायरलेसनं. त्याला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. अन् आपल्या विदर्भात मेळघाटातलं हरिसाल तर सगळ्यांनीच ऐकलं आहे, २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून. तिथून मी एक गोष्ट पक्की धरली, मशीन बाहेरून आली तरी चालते पण ती उघडून पाहणारे, बिघडली तर शिडी लावणारे हात गावातलेच पाहिजे. म्हणूनच मी कोणत्या कंपनीचं नाव घेऊन आलो नाही, गावातले पोट्टे घेऊन आलो.

मागच्या फाल्गुनात आम्ही चौघांनी करून पाहिलं. पंचायतीच्या नेटला हात लावला नाही, ते आधी सांगतो. फक्त माझ्या गच्चीपासून पोडाच्या शाळेपर्यंत रस्ता होतो का ते पाहायचं होतं, अन् त्यावरून एक लहान कॉम्प्युटर जोडून त्यात बालभारतीची पुस्तकं टाकली, थोडे व्हिडिओ टाकले, बस. यवतमाळहून चार जुने राऊटर आणले, त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोकळं सॉफ्टवेअर टाकलं. मोठ्या टप्प्याला दोन डिश मात्र नव्या घेतल्या, दोन्ही मिळून साडेनऊ हजार लागले, ते माझ्या खिशातले. डिश जुळवायचं काम दोन माणसांचं असते. एक जण माझ्या गच्चीवर, एक जण शाळेच्या छतावर, अन् बोटभर बोटभर फिरवत सिग्नलच्या जोराचा आकडा पाहायचा. उणे ८० च्या आसपास असला तर कामाचं नाही, उणे ६५ आला तर भारी. संध्याकाळी सहाला उणे ६७ वर लागला अन् शाळेच्या छतावरचा पोट्टा इतक्या जोरात ओरडला की खाली बैल बिथरले.

महिनाभर मस्त चाललं. मग चैत्र लागला अन् एक दिवस आकडा एकदम उणे ८४. डिश हलली असंन म्हणून दोनदा शिडी लावली, डिश जागच्या जागी. केबल बदलली, पिन पुन्हा मारली. शेवटी माझ्या वडिलांनी अंगणात बसल्या बसल्या सांगितलं की कडुनिंबाले पालवी फुटली ना रे. खरंच. शाळेच्या अलीकडं कडुनिंबाचं मोठं झाड आहे, फाल्गुनात त्याची पानगळ झालेली, आम्ही डिश जुळवली तेव्हा फांद्यांतून आरपार दिसत होतं. चैत्रात कोवळी पानं आली, अन् पानात पाणी असते, पाणी हा सिग्नल पिऊन घेते. वर आणखी एक भानगड अशी की डोळ्यानं समोरची डिश दिसते म्हणजे सिग्नल जाते असं नसते, दोन डिशच्या मधात फुग्यासारखी जागा मोकळी लागते. आपल्या २.३ किलोमीटरला त्या फुग्याची मधातली त्रिज्या साडेपाच मीटरच्या आसपास येते, त्यातली निदान साठ टक्के तरी मोकळी पाहिजे. माझ्या गच्चीवरून ते होत नाही. अन् झाड तोडायचं नाही, ते पोडाच्या नाईकांच्या, म्हणजे पोडाच्या मुखियाच्या, आजोबानं लावलेलं झाड आहे अन् उन्हाळ्यात शाळा त्याच्याच सावलीत भरते.

म्हणून टाकी. पूर्ण मागणीचा जीव तेवढ्यातच आहे. टाकीच्या गच्चीवरून पाहिलं तर रेषा झाडाच्या शेंड्याच्या चांगली वरून जाते, मी टाकी धुवायच्या दिवशी वर चढून पाहून आलो.

दुसरं शिकलो ते उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर जाते, अन् पत्र्याच्या छतावर बंद प्लास्टिकच्या डब्यात राऊटर ठेवला तर दुपारी एक ते चार तो हँग होतेच. आम्ही डबा छताच्या उत्तरेकडच्या वळचणीखाली, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून, खालून भोकं पाडून लावला, त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. भोकं खालूनच पाडायची, वरून पाडली की मिरगाचं पाणी आत, अन् भोकाला मच्छरदाणीची जाळी, नाहीतर मुंग्या अन् पाली आत घर करतात.

आता नियमाचं, कारण ग्रामपंचायत अधिकारी साहेब हाच प्रश्न आधी विचारतील अन् तो बरोबर आहे. आपलं कनेक्शन घेऊन वाटेल तसं लोकांना विकता येत नाही. त्यासाठी सरळ रस्ता आहे, पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केलेली सार्वजनिक वायफायची योजना. त्यात किराणा दुकानवाला, चहावाला, कोणीही पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस होऊ शकते, त्याला लायसन्स नाही, नोंदणी नाही, फी नाही. त्याच्यावर पीडीओए नावाची नोंदणी झालेली संस्था असते, ती लॉगिन अन् हिशोब पाहते, म्हणजे कोण केव्हा जोडलं याची नोंद राहते अन् उद्या काही गैर झालं तर पंचायतीच्या गळ्यात येत नाही. पीडीओला कंपन्या आधी मोठ्या ऑफिसाचा दर लावायच्या, त्यात परवडत नव्हतं. जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर पीडीओला लावता येणार नाही. म्हणजे आता हिशोब बसते.

अन् माझं म्हणणं की पीडीओ पोडावरच्या बचत गटाच्या नावानं करा. माझ्या नावानं नको, कोणत्या सदस्याच्या पोराच्या नावानं तर बिलकुल नको. पाच-दहा रुपयाचं कूपन त्या बाया विकतील, वहीत लिहितील, महिन्याचं कनेक्शनचं बिल त्यातून जाईल. दर महिन्याला चावडीवर जमाखर्च वाचून दाखवायचा. बचत गटाच्या बाया पैशाचा हिशोब कसा ठेवतात हे गावातल्या कोणत्याही माणसाला मी सांगायची गरज नाही.

लोकं मला काय काय विचारून राहिले त्याची पण उत्तरं देतो. रेडिएशनची भीती बऱ्याच जणांना आहे, विशेष करून ज्यांच्या घरात लहान लेकरू आहे. साधा वायफाय राऊटर एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास शक्तीनं बोलते, अन् जो साधा टूजी मोबाईल आपण कानाला लावून तास तास बोलतो तो रेंज कमी असताना त्याच्या कितीतरी पट जोर लावते. डिश टाकीच्या कठड्यावर राहील, कोणाच्या घराच्या खिडकीसमोर नाही.

विजेचं मात्र मी स्वतः गंभीरपणे घेतो. आपल्याकडं मिरगाच्या आधी अन् परतीच्या पावसात काय विजा पडतात ते दरवर्षी कोणाच्या तरी घरी रडणं घेऊन येते. त्यामुळं डिश टाकीच्या सगळ्यात उंच टोकावर बसवायची नाही, तडितरक्षकाच्या खाली बाजूच्या कठड्यावर बसवायची, खांबाला वेगळी अर्थिंग, केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. हे केलं तरी एखाद्या वर्षी एखादा राऊटर जळू शकते, तेवढा एक जादाचा आणून ठेवायचा. अन् गडगडाट चालू असताना कोणीही टाकीवर चढायचं नाही, नेट बंद असलं तर बंद राहू द्या, हे ठरावातच लिहा.

लाईट गेल्यावर काय, हा पण प्रश्न आहेच. एक केबलमधूनच नेट अन् करंट दोन्ही वर जातात, त्याला पीओई म्हणतात, म्हणजे टाकीवर वेगळी लाईटची वायर न्यायची गरजच नाही, पंचायतीच्या खोलीतल्या एका प्लगवर काम होते. दोन्ही रेडिओ मिळून बारा वॅटच्या आसपास खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअरची बॅटरी, आपल्या फवारणीच्या पंपात असते तसली, चार-पाच तास ओढते. पोडाच्या बाजूला ४० वॅटचं सोलर पॅनल लावायचं, तिकडं लाईटचा भरवसा इथल्यापेक्षा कमी आहे.

अन् पोरं वाया जातील, दिवसभर मोबाईल पाहतील, हे म्हणणारे आपल्या गावात बरेच ज्येष्ठ आहेत, काकाजी मंडळी, अन् ते काळजीनंच बोलतात. त्यांना माझं एवढंच सांगणं की गावातल्या पोरांच्या हातात मोबाईल आधीच आहे अन् नेट पण आहे. नाही ते फक्त पोडावरच्या पोरांच्या. काळजी दोघांची सारखी करू, पण सोय एकाला अन् बंदी दुसऱ्याला असं नको.

मोबाईलचा टॉवरच मागा ना, असंही कोणी म्हणेल. मागा. मी सही करतो. पण टॉवर आला तरी शाळेत चाळीस लेकरं एका वेळी धडा पाहतील एवढा डेटा कोणाच्या रिचार्जमध्ये बसते? पोडाच्या शाळेत गावातलाच लहान कॉम्प्युटर ठेवला की पुस्तकं, व्हिडिओ, पंचायतीच्या नोटिसा, मजुरीचे मस्टर, रेशन आल्याची खबर, हे सगळं इंटरनेट नसतानाही आपल्याच जाळ्यात फिरते. जेसीबीनं पुन्हा फायबर तोडली तरी पोड अन् गाव एकमेकांशी बोलू शकतील. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा रेड हूक नावाच्या वस्तीत असंच लहानसं जाळं होतं, बाकी सगळं बंद पडलं पण लोकांनी त्याच्यावरून मदत मागितली. आपल्याकडं वादळ रोज येत नाही, पण रात्री कोणी बाई अडली अन् दगडापर्यंत चढून एकशेआठला फोन लावायचा, तोही ज्या टेकडीवर मागच्या वर्षी वाघाचे पंजे दिसले त्या टेकडीवर, हे आपल्या पोडात होऊन राहिलं. आशाताईंना विचारा, त्या सांगतील दोन वेळा काय झालं.

वायफायवरून फोन लागते, हे आम्ही त्या महिन्यात करून पाहिलं. नाईकांनी शाळेतून माझ्या घरी कॉल लावला, गावातल्या गावात, बिना रिचार्ज, बिना सिम. त्यांनी आधी विचारलं, पाण्याची मोटर दुरुस्त झाली का. मग थोडं थांबले अन् म्हणाले, आवाज तर शेजारी बसल्यासारखा येऊन राहिला.

जंगलाची जमीन मधात येते म्हणून कोणी अडवलं तर सांगून ठेवतो, आपण खोदत नाही, खांब रोवत नाही, हवेतून जातो, त्यामुळं वनखात्याचा प्रश्नच येत नाही. पुढं कधी मधात एखादा खांब लागलाच तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी, त्यात वीज अन् टेलिफोनच्या लाईनी पण लिहिल्या आहेत, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभेच्याच जोरावर. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपल्या पंचायतीच्या भिंतीवर पण रंगवलेली आहे, दाराच्या डाव्या बाजूला.

तर ठरावात एवढं पाहिजे. टाकीच्या कठड्यावर दोन फूट जागा अन् वर चढायची परवानगी, मला अन् पोडावरच्या दोन पोट्ट्यांना, नावानिशी. पंचायतीच्या खोलीत एक प्लग अन् फायबरच्या डब्याजवळ एक शेल्फ. पोडाच्या शाळेच्या छतासाठी मुख्याध्यापक सरांना पंचायतीचं पत्र. सामानाचा माझा अंदाज बत्तीस ते पस्तीस हजार आहे, माझ्या डिश धरून, डिशचे पैसे मी मागत नाही, बाकीचे अबंधित निधीतून किंवा पंचायतीच्या स्वनिधीतून, अन् बिलं दुकानदाराच्या नावानं, माझ्या नावानं एक रुपया नको. मजुरी घेणार नाही. एक समिती करा पाच जणांची, त्यात तीन पोडावरचे, त्या तिघांत दोन बाया. अन् सामान सगळं पंचायतीच्या साठा रजिस्टरला चढवा, म्हणजे उद्या मी गाव सोडून गेलो तरी ते गावाचंच राहील. पासवर्ड बंद पाकिटात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या कपाटात. सगळी जोडणी कागदावर मराठीत लिहून, चित्र काढून देतो, पोडावरच्या ज्या दोन पोट्ट्यांनी मागच्या फाल्गुनात माझ्यासोबत केलं त्यातला एक आता आयटीआयला आहे, तो माझ्यापेक्षा चांगलं क्रिम्पिंग करते.

सरपंचताई, एक शेवटची विनंती. मागच्या दोन ग्रामसभांत पोडाचे विषय सगळ्यात शेवटी आले, सभा लांबली अन् तोवर पोडावरच्या बाया उठून गेल्या होत्या, काहून की दिवस लहान अन् जंगलातून दोन किलोमीटर अंधारात लेकरांना घेऊन जायची हिंमत कोण करेल. यावेळी झेंडावंदनानंतर सभा बसली की हा विषय पहिल्या दोनात घ्या. मी दोन्ही डिश अन् बॅटरी घेऊन सकाळी आठला टाकीपाशी येतो, पोट्ट्यांना शाळेच्या छतावर पाठवतो, सभेतच पोडाला कॉल लावून दाखवतो.

आपला,
गावातला वायरिंगवाला
(पंचायतीच्या मागची गल्ली, निळं फाटक)